आधी चहा, मग झाकण

“आधी पिन काढ. मग चहा टाक. चहा पिऊन, कप विसळून झाला की मग झाकण. त्याच्या आधी बोट लावायचं न्हाय, शांता.”

नवऱ्याचा, रुद्रय्यांचा हा आवाज शांतादेवींच्या कानात अजून तसाच होता. माणूस जाऊन वर्षं लोटली होती. जंगमाच्या, म्हणजे लिंगायत पुरोहिताच्या घरातला माणूस. कुणाकडे गृहप्रवेश असला, लिंगदीक्षा असली की बोलावणं यायचं. आणि कुणाचा टीव्ही बंद पडला, कुणाचा कॉम्प्युटर सुरू होईना, तरी बोलावणं यायचंच. कसबा बावड्यात त्यांना ‘टीव्हीवाले स्वामी’ म्हणत. कपाळावरचं भस्म तसंच, हात मात्र धुऊन, पंच्यानं खडखडीत कोरडे करून ते टेबलाशी बसत. शांतादेवी शेजारी उभ्या राहून बॅटरीचा उजेड धरत. उजेड धरता धरता बाईला पुष्कळ काही कळत गेलं होतं, पण ते कुणाला सांगायची वेळ आली नव्हती.

कॉम्प्युटरच्या पोटात एक पत्र्याचा डबा असतो. भिंतीतली वीज घ्यायची, तिचा जोर कमी करायचा आणि आतल्या भागांना ज्याच्या त्याच्या मापानं वाटायची, एवढंच त्याचं काम. दुकानदार त्याला एसएमपीएस म्हणतात. कॉम्प्युटर जुना होऊन अडगळीत पडला तरी हा डबा बहुतेक वेळा धडधाकट असतो. रुद्रय्या असे डबे जपून ठेवत आणि आपल्या प्रयोगांना त्यातनंच वीज घेत. पण त्याच्या आत कंडेन्सर असतात, अंगठ्याएवढी जाड नळकांडी. पिन काढली तरी ती विजेचा एक घोट पोटात धरून बसतात. तो जिरायला जरा वेळ द्यावा लागतो. म्हणून चहा.

सून घरात आली तेव्हा ही सगळी माहिती शांतादेवींना पुन्हा उपयोगी पडली. आणि जिथं सगळ्यात जास्त उपयोगी पडायची, तिथं पडली नाही.

सौंदर्या नेसरीची. शांतादेवी तिला बघायला गेल्या तेव्हा ती चहाचा ट्रे घेऊन आली, आणि तिच्या बोटावर तारा जोडायच्या सोल्डरनं भाजल्याचा बारका डाग त्यांना दिसला. तसले डाग त्यांनी नवऱ्याच्या बोटांवर आयुष्यभर बघितले होते. मागच्या दारी हात धुवायला गेल्या, तर मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग आली.

“एक इचारू का?” ती हळूच म्हणाली. “माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय. नोकरी मिळंल, न मिळंल. पण मला एक टेबल लागतंय. नुसतं टेबल. त्यावर माझं काय काय पसरल्यालं असतंय. हितं सगळी वरडत्यात.”

“टेबल हाय की,” शांतादेवी म्हणाल्या. “आमच्या मालकांचं. सागवानी. ते गेल्यापास्नं त्यावर मी पापडाची परात ठेवते. ते तुझं. तुझ्या टेबलाला कोण हात लावणार न्हाय, माझा शब्द.”

असं म्हणताना त्यांनी तिचा तो डागाचा हात हातात घेतला होता. बाकीची बोलणी नंतर बैठकीत झाली. मानपान, मांडव, जेवणावळ. पण दोघींच्या मनात सोयरीक जुळली ती मागच्या दारी.

लग्नानंतर टेबल खिडकीशी आलं. बाहेरच्या खोलीतच, पूजेच्या कोनाड्यासमोर. सौंदर्यानं बंद पडलेल्या एका कॉम्प्युटर क्लासमधून तीन-चार जुने एसएमपीएस आणले आणि कामाला लागली. टाकी भरली की वाजणारी घंटी करायची होती. पहिली घंटी शेजारच्या अंबूबाईंची. अंबूबाई रोज सकाळी मोटर लावून विसरत, आणि त्यांच्या टाकीचं पाणी गच्चीवरून निम्म्या गल्लीत येई.

“आगं कवा हुणार तुझी घंटी?” अंबूबाई कुंपणावरून विचारत. “माझा बारशाचा नातू लग्नाचा झाला तरी तू तारंच जोडत बसणार व्हय?”

“वीज द्याय पायजे की तिला आधी, काकू. ट्रायल कशावर घ्यू?”

ट्रायलसाठीच हे डबे होते. एकाच डब्यातून कमी-जास्त दाबाची वीज मिळते. लाल वायरीत पाच व्होल्ट, पिवळीत बारा. टेबलावर एक असा डबा पक्का बसवला, पुढं टर्मिनल लावले, की दर वेळी बॅटऱ्या शोधत फिरायला नको. पण पहिलाच डबा रुसला. हिरवी वायर काळीला टेकवली की सुरू व्हायला पाहिजे. त्याच्या आतला पंखा एक हिसका द्यायचा आणि गप्प. सौंदर्यानं दोन-तीनदा करून बघितलं आणि डोक्याला हात लावून बसली.

शांतादेवी चुलीपासून उठून आल्या. त्यांनी माळ्यावरचा रुद्रय्यांचा पत्र्याचा डबा काढला, त्यातनं स्कूटरच्या हेडलाइटचा जुना बल्ब काढला आणि सुनेच्या हातात दिला.

“ह्यो लाल आन् काळीत जोड. कायतरी भार दिल्याबिगर काही डबे उठत न्हाईत. मालक असंच करायचे.”

सौंदर्यानं बल्ब जोडला, हिरवी काळीला लावली. पंखा फिरायला लागला आणि थांबलाच नाही. बारा व्होल्टचा बल्ब पाचावर कसाबसा मिणमिणला, पिकल्या उंबरासारखा तांबूस.

“अत्ती!” सौंदर्या ओरडली. माहेरी सासूला अत्तीच म्हणत. “तुमाला एवढं म्हाईत हाय आन् तुमी पापड लाटत बसलायसा!”

शांतादेवी पदर तोंडाला लावून हसल्या. त्या दिवशी दुपारभर दोघी टेबलाशी होत्या. झाकण-चहाचं मात्र सांगायचं राहिलं. त्या दिवशी झाकण उघडायचं कारणच पडलं नव्हतं.

आता शांतादेवींच्या नेमाचं सांगायला पाहिजे. रुद्रय्या गेले त्या श्रावणात त्यांनी मौन धरलं. सकाळी डोक्यावरून पाणी घेतलं की लिंगपूजा होऊन तीर्थ घेईपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही. तळहातावर इष्टलिंग घ्यायचं, पाणी, भस्म, बेल वाहायचा आणि डोळे त्याच्यावर ठेवायचे. सुरुवातीला त्या शांततेत रुद्रय्यांची आठवण असे, मग हळूहळू नुसती शांतता राहिली. मध्येच काही लागलं तर त्या बोटातल्या चांदीच्या अंगठीनं तांब्यावर टिचकी मारत. टिचकी ऐकली की सौंदर्या हातातलं टाकून येई, “आलो, अत्ती,” म्हणत बेल, कापूर, जे हवं ते पुढं ठेवी.

नेम चांगलाच होता. पण नेमाभोवती हळूहळू दुसरंच काही जमत गेलं. भजनी मंडळात बायका म्हणायच्या, “शांताक्कांचं मौन म्हंजे मौन!” मुलाच्या, अमरेशच्या लग्नाच्या दिवशी पहाटे मांडववाला दारात येऊन आरडाओरडा करत होता, तेव्हासुद्धा शांताक्कांनी हातानंच त्याला थांब म्हणून दाखवलं, ही गोष्ट अंबूबाईंनी इतक्यांदा सांगितली होती, की ऐकणारी बाई शेवट आधीच सांगायची. शांतादेवी मान खाली घालून ऐकायच्या. आत कुठंतरी बरं वाटायचं. ते बरं वाटणं देवाचं नव्हे, आपलं आहे, हे त्यांना कळत होतं. तिकडे त्या बघत नसत, एवढंच.

तो दिवस सोमवार होता. शांतादेवींची आंघोळ झालेली, कपाळाला भस्म, डाव्या तळहातावर लिंग. सौंदर्या टेबलाशी होती. तोच बल्बवाला डबा तिनं परत एकदा लावून बघितला. पंखा फिरला, बल्ब मिणमिणला. समाधानानं तिनं बल्ब सोडवून बाजूला ठेवला. मग भिंतीतली पिन काढली आणि लगेच स्क्रू ड्रायव्हर घेतला. नको असलेल्या वायरी आतूनच कापून टाकायच्या, म्हणजे डबा सुटसुटीत होईल, असं ती आदल्या दिवसापासून म्हणत होती.

पहिला स्क्रू निघाला.

शांतादेवींनी मान वर केली. लिंगावरची नजर पूजेत कधी हलत नसे, ती हलली. दुसरा स्क्रू. कानात तो आवाज आला. पिन काढ, चहा टाक. तिसरा स्क्रू. बोलायला पाहिजे होतं. एक शब्द पुरला असता. “थांब.” एवढाच.

ओठ उघडले होते. पण त्या क्षणी त्यांना देव आठवला नाही, रुद्रय्या आठवले नाहीत, सून आठवली नाही. आठवलं एवढंच, की आजवर एकदाही मोडलेलं नाही.

त्यांनी तांब्यावर टिचकी मारली.

सौंदर्यानं झाकण उचललं होतं. एक हात आत होता, वायरींचा जुडगा धरायला. टिचकी ऐकली तशी तिनं रोजच्या सवयीनं मान वळवली. “आलो, अत्ती, बेल का—” आणि न बघता बोटं सरकली, कंडेन्सरच्या पायांवर.

ती किंचाळली नाही. घशातनं एक कोरडा आवाज निघाला आणि हात हिसक्यानं मागं आला. येताना पत्र्याच्या धारेनं तळहात आडवा फाडत आला. खुर्ची पालथी पडली. ती जमिनीवर बसली होती, हात छातीशी धरून, आणि पोलक्यावर रक्त पसरत होतं.

शांतादेवींनी लिंग वस्त्रात गुंडाळलं, गळ्यातल्या लिंगाच्या डबीत, करडगीत ठेवलं, करडगीचं झाकण लावलं. हे सगळं त्यांनी नीट केलं. मग धावल्या. पदर फाडून हाताला गुंडाळला. सौंदर्याचा चेहरा पांढरा पडला होता, दात वाजत होते.

“अत्ती, मला कसंतरी हुतंय,” ती म्हणाली. “बोला की. कायतरी बोला की, अत्ती!”

शांतादेवींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तोंडातून शब्द आला नाही.

त्या तशाच अंबूबाईंच्या दारात गेल्या आणि दोन्ही हातांनी दार बडवलं. अंबूबाई पदर खोचत बाहेर आल्या. “आगं आई! शांताक्का, रगात! काय झालं वो? कुणाला लागलं? बोला की!” शांतादेवींनी आपल्या घराकडे हात दाखवला, मग तळहात दाखवला, त्यावर दुसऱ्या बोटानं रेघ ओढली. अंबूबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या, मग धावल्या. रिक्षा त्यांनीच थांबवली, सौंदर्याला धरून त्यांनीच बसवलं. “तुमी थांबा घरात,” त्या ओरडल्या. “तुमचं राहिलंय न्हवं!”

रिक्षा गेली. शांतादेवी आत आल्या. फरशीवरचं रक्त पुसलं. हात धुतले. काय करावं ते कळेना, म्हणून कोनाड्यासमोर बसल्या आणि राहिलेली पूजा केली. तीर्थ घेतलं. रोज तीर्थ घेतल्यावर त्या “शिव शिव” म्हणत आणि त्याच सुरात सुनेला हाक मारत, तसं आजही तोंडातून निघालं. “शिव शिव. सौंदर्या…”

घरात कुणी नव्हतं. खुर्ची अजून पालथीच होती.

हाताला टाके पडले. बोटं हलत होती, डॉक्टर म्हणाले काळजी नाही, पण काही दिवस पाण्यात हात घालायचा नाही. अमरेश शिरोलीच्या एका फाउंड्रीत सुपरवायझर होता. तो धावत आला, बायकोचा हात बघितला आणि अंगणात जाऊन उभा राहिला. रोज वितळलेल्या लोखंडाशी काम करणारा माणूस. कुणाला लागलं की तो आधी गप्प होतो, मग चिडतो.

संध्याकाळी शांतादेवी वाळलेली धुणी काढत होत्या. कुंपणापलीकडे अंबूबाई दोघी-तिघींना सांगत होत्या.

“माझ्या दारात आल्या, नुसतं धाडधाड बडवत्यात. मी म्हनलं, पोलीस आलं का काय! बगतो तर शांताक्का. ‘काय झालं?’ म्हनतो, तर बाई हातानं दावतीया. सून रगतात न्हालीया आन् बाईच्या तोंडातनं शबुद न्हाय! नेम म्हंजे असा. आपल्याला जमंल व्हय?”

“न्हाय बाई.”

“आमी तर कुत्रं आडवं आलं तरी बोंब मारतो.”

सगळ्या हसल्या. त्यात टोमणा नव्हता, हेच शांतादेवींना सोसेना. टोमणा असता तर तो अंगावर घेता आला असता. त्या दोरीवरच्या चादरीआड उभ्या राहिल्या, बायका जाईपर्यंत. मग चादर न काढताच आत आल्या. ती रात्रभर दोरीवरच राहिली.

सौंदर्या भिंतीला टेकून बसली होती. शांतादेवी तिच्यासमोर बसल्या.

“मला म्हाईत हुतं,” त्या म्हणाल्या. “जरा थांबून उघडायचं असतंय, ते मला म्हाईत हुतं. मी बोलाय पायजे हुतं.”

“असू दे, अत्ती. तुमचं मौन हुतं की.”

“टिचकी मारली न्हवं मी. त्यानंच तू…”

“असू दे म्हनलं न्हवं.” तिचा आवाज मऊ होता. राग असता तर बरं झालं असतं. ती उठून आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून शांतादेवी पूजेला बसायच्या आधीच ताट मांडलेलं असे. बेल, कापूर, फुलं, काडेपेटी, पाण्याचा भरलेला तांब्या, हात पुसायला वस्त्र. एका हातानं मांडलेलं, पण काही राहिलेलं नसे. आधी शांतादेवींना वाटलं, पोर चुकून जास्त करतेय. मग एकदा करडगी काढताना अंगठी तांब्याला लागून आवाज झाला, आणि चुलीपाशी बसलेली सौंदर्या दचकून उभी राहिली. दुखरा हात छातीशी धरून. तेव्हा शांतादेवींना समजलं. टिचकी वाजवायची वेळच येऊ नये, म्हणून ते ताट होतं. त्या दिवशी बेल वाहताना पानाला हात लावायचीसुद्धा लाज वाटली.

सौंदर्या टेबलाकडे फिरकत नव्हती. त्यावर तो डबा झाकण उघडा तसाच पडला होता, शेजारी बल्ब.

रविवारी अमरेश घरी होता. त्यानं भंगारवाल्या आकारामला बोलावून आणलं. आकाराम बावड्यातलाच, मुख्य रस्त्याला त्याचं पत्र्याचं शेड.

“काय अमरेशराव, कॉम्पूटरची आतडीच काडून ठेवलीसा की,” डब्यांचं खोकं बघून आकाराम म्हणाला.

“घेऊन जा सगळं. आन् हे टेबल पण.”

सौंदर्या दारात उभी होती. “टेबल कशाला?” ती म्हणाली.

“कशाला म्हंजे? हात बघ तुझा! कारखान्यात मी रोज बघतो, एकदा लागलं म्हंजे परत लागतंय. टेबल ऱ्हायलं की तू परत बसणार.”

सौंदर्यानं त्याच्याशी वाद घातला नाही. तिनं सासूकडे बघितलं. शांतादेवी तांदूळ निवडत बसल्या होत्या. संध्याकाळ होती. पूजा सकाळीच झालेली, तीर्थ घेतलेलं, जेवणं झालेली. बोलायला कसलीही आडकाठी नव्हती. नेसरीत मागच्या दारी दिलेला शब्द त्यांच्या जिभेवर आला. पण मुलगा चिडलेला, परका माणूस दारात, आणि कुठल्या तोंडानं आपण टेबलाची बाजू घ्यायची, जिनं एक शब्द बोलायचा टाळला तिनं? बोटं तांदळात फिरत राहिली. खडा सापडला, बाजूला ठेवला.

“टेबल सागाचं हाय, मस्त हाय,” आकाराम पाय वाजवून बघत म्हणाला. “पर आज गाड्यावर बसायचं न्हाय. उद्या सकाळी टेंपो घिऊन येतो. हे डबं नेतो आज. उद्या दुकान उघडलं की पोरं फोडाय बसत्यात. तांबं येगळं, पत्रा येगळा.”

खोकं गेलं. गाड्याची खडखड कोपऱ्यावर वळेपर्यंत ऐकू येत होती. अमरेश आकारामबरोबर बाहेर गेला.

सौंदर्या सासूजवळ आली, वाकून परात पुढं ओढली, आणि एका हातानं तांदूळ निवडायला लागली. मान वर न करताच ती म्हणाली,

“आता तर मौन न्हवतं की, अत्ती.”

तेवढंच. पूजेच्या वेळी गप्प राहिले ते व्रत म्हणून, असं शांतादेवी मनाला सांगत होत्या. ते फसवं असेल, पण टेकायला काहीतरी होतं. आता तेही गेलं. त्या गप्प बसणाऱ्या बाई होत्या. गप्प बसणं सोपं होतं, आणि त्याला लोक नेम म्हणत होते.

सकाळी त्या नेहमीसारख्या उठल्या. डोक्यावरून पाणी घेतलं, धुतलेलं लुगडं नेसल्या, भस्म लावलं. ताट मांडलेलं होतं. त्या कोनाड्यासमोर बसल्या, करडगी हातात घेतली. ती अजून उघडली नव्हती. समोर खिडकीशी मोकळं टेबल होतं. डबा गेला होता, बल्ब तेवढा कडेला राहिला होता, आकारामच्या नजरेतून सुटलेला.

त्यांनी करडगी परत गळ्यात नीट बसवली, पदराखाली झाकली आणि उठल्या. खुंटीवरची बाजाराची मोठी पिशवी घेतली. आत दुसरी पिशवी कोंबली.

अमरेश दात घासत मागच्या दारातून आला. “अव्वा, पूजा झाली व्हय?”

“न्हाय.”

त्याचा ब्रश तोंडातच राहिला. बाबा गेल्यापासून त्यानं या वेळी आईचा आवाज ऐकला नव्हता.

“टेबल जाणार न्हाय,” शांतादेवी म्हणाल्या. आवाज त्यांचा नेहमीचाच, हळू, आतून येणारा. “आकारामचा टेंपो यायच्या आत मी जाऊन सांगते त्याला. आन् खोकं परत आणते.”

“अव्वा, तिचा हात तू बघितलास न्हवं? आन् तू…”

“डब्यानं लागलं न्हाय, बाळ. मला म्हाईत असून मी बोलले न्हाय, म्हणून लागलं. तुझ्या बाबांनी मला शिकवलं हुतं. ते मी तिला शिकवलं न्हाय. ते माझ्याकडं राहिलंय. आन् ते टेबल मी तिला दिलंय. लग्नाच्या आधी. तुला म्हाईत न्हाय.”

अमरेशनं स्वयंपाकघराकडे बघितलं. सौंदर्या दारात आली होती. दुधाचं पातेलं उतरवायचा चिमटा हातात तसाच. ती सासूकडे बघत होती, पिशवीकडे बघत होती, ओल्या केसांकडे आणि कपाळावरच्या भस्माकडे.

“अत्ती, पूजा?”

“आल्यावर.”

“पाणी तरी…”

“आल्यावर.”

शांतादेवींनी पायात चपला घातल्या. अंगणाची कडी काढली. मागून हलके पाय वाजले.

“त्यातला एक,” सौंदर्या म्हणाली, “पंख्याची जाळी वाकल्याला. त्यो आपला बल्बवाला. त्याचं झाकण येगळं पडलं असंल. ते बी बघा.”

“बघते. आत हात न लावता उचलते. नि आल्यावर चहा करू, मग तू उघड.”

सौंदर्यानं मान हलवली.

बाहेर उजाडलं होतं. साखर कारखान्याकडून मळीचा गोडसर आंबट वास येत होता. अंबूबाई दारात सडा घालत होत्या आणि वर त्यांची टाकी भरून भिंतीवरून पाणी ओघळत होतं. शांतादेवींना बघून त्यांनी रोजच्या सवयीनं नुसते हात जोडले. या वेळी शांताक्कांकडून उत्तराची अपेक्षा नसायची.

“अंबूबाई,” शांतादेवी म्हणाल्या, “टाकी भरली तुमची.”

अंबूबाईंचे हात जोडलेलेच राहिले. “आगं बया,” त्या म्हणाल्या. “पूजा… झाली?”

“न्हाय झाली,” शांतादेवी म्हणाल्या, आणि पिशवी काखेत धरून मुख्य रस्त्याकडे चालू लागल्या.